गेलेल्यांच्या जागा : संगीत नाटकमंडळ्यांच्या सातत्याविषयी काही विचार

१

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास बहुधा व्यक्तींच्या नावांनी लिहिला गेला आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा काळ, भाऊराव कोल्हटकरांचा काळ, बालगंधर्वांचा काळ अशी विभागणी आपल्या अभ्यासक्रमांत रूढ झाली आहे आणि अध्यापनाच्या दृष्टीने ती सोयीचीही आहे. तथापि या विभागणीमुळे एक महत्त्वाची वस्तुस्थिती दृष्टीआड होते. ज्या मंडळीच्या आश्रयाने हे थोर नट उदयास आले, ती मंडळी त्यांच्या पूर्वी होती आणि पुष्कळदा त्यांच्या नंतरही राहिली. एक नट गेला, दुसरा आला; संस्थापक दिवंगत झाला, तरी त्याच्या नावाची पाटी गावोगावच्या नाटकगृहांवर लागतच राहिली. व्यक्तींच्या चरित्रांत या पाटीला पार्श्वभूमीचे स्थान मिळते. प्रस्तुत लेखात तिलाच विषय करावयाचे योजिले आहे.

प्रश्न साधा आहे. ज्यांच्यामुळे मंडळीला नाव मिळाले ते नट व गायक निघून गेल्यावर त्या मंडळीचे नाव कशाच्या बळावर चालते? आणि केव्हा चालेनासे होते? या प्रश्नाचा विचार करण्यास दोन मंडळ्यांचा इतिहास विशेष उपयोगी आहे. पहिली किर्लोस्कर नाटक मंडळी व दुसरी ललितकलादर्श. त्यांच्या जोडीला गंधर्व नाटक मंडळीचा दाखला घेतला म्हणजे तुलना पुरी होते. या तिन्ही मंडळ्यांना मोठे आघात सोसावे लागले. परंतु प्रत्येकीने त्या आघातांना दिलेले उत्तर निराळे होते, आणि ते निराळे का होते हे पाहण्यातच या विषयाचे खरे मर्म आहे.

२

प्रारंभी ‘मंडळी’ या संस्थेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. आजच्या नाट्यसंस्थेत नट प्रयोगापुरता येतो आणि प्रयोग संपताच घरी जातो. संगीत नाटकमंडळी ही त्याहून फार निराळी वस्तू होती. ते एक फिरते बिऱ्हाड होते. नट, साथीदार, तालीममास्तर, पडदे रंगविणारे, कपडेपटाचे लोक, आचारी, पोरसवदा शिकाऊ मुले, या सर्वांचे जेवणखाण व राहणे एकत्र असे. गावाचा मुक्काम संपला की सारा संसार गाड्यांवर घालून दुसऱ्या गावी न्यावा लागे.

या फिरतीचा मार्ग लोहमार्गाने सुलभ केला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. १ मे १८५४ रोजी ठाण्याची खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूने मुंब्र्यावरून कल्याणपर्यंत मार्ग सुरू झाला. १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पुरा होताच मुंबई व पुणे ही शहरे सलग जोडली गेली. संगीत नाटकाचा जन्म यानंतर अवघ्या सतरा वर्षांनी झाला, ही गोष्ट मराठी नाट्येतिहासात पुरेशी अधोरेखित झालेली नाही. पुण्यात बसविलेले नाटक मुंबईच्या प्रेक्षकांपुढे नेणे आणि मुंबईत मिळविलेला पैसा पुढील हंगामास लावणे हे चक्र ज्या मार्गावर फिरले, तो मार्ग कळव्याजवळच्या याच खाडीपुलावरून जातो. १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा खुला होईपर्यंत डोंगराला वळसा घालून जाणारी मुंब्र्याची वाटच पुणे-मुंबईच्या गाड्यांची वाट होती. ठाणे-कल्याणच्या परिसरात आज जी नाट्यगृहे उभी आहेत ती पुष्कळ नंतरची. परंतु नाटकमंडळ्यांचे सामान या भूमीवरून त्यापूर्वी पाऊणशे वर्षे ये-जा करीत होते.

अशा फिरत्या बिऱ्हाडाचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. स्त्रीभूमिका मुलगे व तरुण पुरुष करीत. मुलाचा आवाज फुटला की त्याची गाण्याची भूमिका बहुधा हातची जाई. काही काळ त्याला बाजूला बसावे लागे, आणि आवाज पुन्हा स्थिरावल्यावर तो पुरुषभूमिकेकडे वळे, अथवा मंडळी सोडून जाई. सारांश, जागा रिकामी होणे हा मंडळीच्या जीवनातील अपघात नव्हता. तो नित्यक्रम होता. आजची शकुंतला चार वर्षांनी शकुंतला राहणार नाही, हे चालकांस पक्के ठाऊक असे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या भूमिकेमागे विंगेत उभे राहून ती रात्रीमागून रात्री ऐकणारा एखादा मुलगा तयार होत असे. मृत्यूला तोंड देण्याची जी शक्ती या मंडळ्यांनी पुढे दाखविली, तिची तालीम त्यांना निसर्गानेच दिली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

३

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहात रंगभूमीवर आणले. ‘सौभद्र’ १८८२ मध्ये अंशतः व पुढील वर्षी संपूर्ण झाले. ‘रामराज्यवियोगा’चे पहिले तीन अंक १८८४ मध्ये झाले आणि नाटक तेथेच अपूर्ण राहिले, कारण २ नोव्हेंबर १८८५ रोजी वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब निवर्तले.

या घटनेचे गांभीर्य आज सहज ध्यानात येत नाही. अण्णासाहेब हे मंडळीचे केवळ मालक नव्हते. नाटक त्यांचे, पदे त्यांची, चालींची निवड त्यांची, तालीम त्यांची. ते स्वतः रंगभूमीवर उभे राहत. पाच वर्षांच्या एका मंडळीचा लेखक, शिक्षक, सूत्रधार आणि धनी एकाच दिवशी गेला होता. मंडळी मोडली असती तर कोणासही नवल वाटले नसते.

ती मोडली नाही याची कारणे दोन दिसतात. पहिले कारण म्हणजे गोविंद बल्लाळ देवल. देवलांनी अण्णासाहेबांच्या हाताखाली काम केले होते. नाटक बसविण्याची रीत, पदाचा शब्द व अभिनय यांचा मेळ, नटाकडून काम करवून घेण्याची हातोटी हे सर्व त्यांच्यापाशी जिवंत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते स्वतः नाटककार होते. ‘मृच्छकटिक’, ‘शापसंभ्रम’ आणि १८९९ मध्ये ‘शारदा’ ही नाटके त्यांनी मंडळीला दिली. १८९६ मध्ये श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ याच मंडळीने रंगभूमीवर आणले आणि संगीत नाटकाला अगदी निराळे वळण मिळाले. म्हणजे संस्थापकाच्या निधनानंतरच्या पंधरा वर्षांत किर्लोस्कर मंडळीने त्याच्या दोन नाटकांची केवळ पुनरावृत्ती केली नाही. संस्थापकाने कल्पिलेलीही नसतील अशी नाटके तिने केली. ‘शारदे’तील जरठ-बालाविवाहाचा समकालीन प्रश्न पौराणिक कथानकांच्या त्या पहिल्या प्रतिज्ञेत बसणारा नव्हता. तरीही प्रेक्षकांनी ती किर्लोस्करांचीच मंडळी मानली.

दुसरे कारण भाऊराव कोल्हटकर. बडोद्याहून १८८२ मध्ये आलेला हा एकोणीस वर्षांचा तरुण आपल्या आवाजाने अल्पावधीत मंडळीचा प्राण झाला. सुभद्रेच्या भूमिकेने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. पुढे ते पुरुषभूमिकांकडे वळले आणि ‘शारदे’त त्यांनी कोदंड केला. संस्थापकाची उणीव शिष्याच्या लेखणीने आणि गायकाच्या कंठाने भरून निघाली. एका माणसात एकवटलेली कामे अनेकांत वाटली गेली, आणि या वाटणीमुळेच मंडळी पूर्वीपेक्षा अधिक टिकाऊ झाली.

१३ फेब्रुवारी १९०१ रोजी भाऊरावही गेले. त्या वेळी त्यांचे वय अडतीसही पुरे नव्हते. पुढील काही वर्षे नानासाहेब जोगळेकरांनी नायकाची धुरा वाहिली. गणेश गोविंद बोडस यांच्यासारखे गद्य भूमिकांत निष्णात नट मंडळीत होते. कारभारात शंकरराव मुजुमदारांचे नाव प्रमुख होते. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा मंडळीत आला, मिरजेस शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला आणि पुढे बालगंधर्व या नावाने महाराष्ट्राचे दैवत झाला. त्याला त्या भूमिकेची तालीम देवलांनी दिली. ही साखळी अर्थपूर्ण आहे. अण्णासाहेबांची शकुंतला त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, त्यांना कधीही न पाहिलेल्या मुलाकडे, त्यांच्याच सहकाऱ्याच्या तोंडून पोहोचली.

४

येथवर मृत्यूचा विचार झाला. आता वियोगाच्या दुसऱ्या प्रकाराकडे वळावयाचे आहे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईस कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. गोविंदराव टेंबे यांच्या चाली, जोगळेकरांचा धैर्यधर, बालगंधर्वांची भामिनी, बोडसांचा लक्ष्मीधर असा तो योग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या कन्येचे निधन झाले असताही त्यांनी प्रयोग थांबविला नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती सहसा नटाच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती मंडळीच्या सत्तेचेही उदाहरण आहे. प्रयोग ठरला की तो व्हावयाचाच, कारण त्यावर साऱ्या बिऱ्हाडाचे पोट अवलंबून असे. त्याच वर्षी जोगळेकर मृत्यू पावले. किर्लोस्कर मंडळीला हा तिसरा मोठा मृत्यू होता, आणि मागील दोहोंप्रमाणे तोही मंडळीने पचविला.

परंतु दोन वर्षांनी जे घडले ते पचविणे कठीण गेले. कारभाराविषयीचे मतभेद विकोपास जाऊन १९१३ च्या जुलैमध्ये बालगंधर्व, बोडस व टेंबे यांनी मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. मृत नट आपली जागा रिकामी ठेवून जातो. जिवंतपणी गेलेला नट ती जागा बरोबर घेऊन जातो. भाऊराव गेल्यावर सुभद्रा पाहू इच्छिणाऱ्या प्रेक्षकाला किर्लोस्कर मंडळीकडेच यावे लागे. बालगंधर्व गेल्यावर त्याच प्रेक्षकाला त्याच शहरात, त्याच हंगामात, तीच नाटके, मूळच्या नटांसह दुसऱ्या पाटीखाली पाहता येऊ लागली. नाव एकीकडे राहिले आणि आवाज दुसरीकडे गेला. या दोहोंच्या स्पर्धेत प्रेक्षक प्रायः आवाजामागे गेला.

असे असूनही किर्लोस्कर मंडळीने ताबडतोब हात टेकले नाहीत, हे आवर्जून नमूद केले पाहिजे. तिने पुन्हा तोच जुना उपाय योजिला : नवा कंठ आणि नवे नाटक. दीनानाथ मंगेशकर हा विलक्षण आवाजाचा मुलगा मंडळीत घेण्यात आला. जो राम गणेश गडकरी पूर्वी याच मंडळीत मुलांना शिकविण्याच्या नोकरीवर होता, त्याचे ‘पुण्यप्रभाव’ नाटक १९१६ मध्ये मंडळीने केले. ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी ज्यांचे नाव धारण करणारे रंगायतन आज उभे आहे, त्या गडकऱ्यांच्या नाट्यजीवनाला या संकटग्रस्त मंडळीने दिलेला आधार विसरण्याजोगा नाही. परंतु १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांनी बाहेर पडून बलवंत संगीत मंडळी स्थापन केली. पाच वर्षांत दुसऱ्यांदा मंडळीने आपला प्रमुख गायक गमावला, आणि दोन्ही वेळा तो तिचाच प्रतिस्पर्धी झाला. गडकऱ्यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी निधन झाल्यावर त्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने आणि ‘भावबंधन’ बलवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. ज्या घरात तो लेखक वाढला, त्या घराच्या वाट्याला त्याची ही उत्तरकालीन नाटके आली नाहीत. किर्लोस्कर मंडळीच्या उताराचा प्रारंभ ठरवावयाचा झाल्यास तो कोणा नटाच्या मृत्युतिथीवर न ठेवता या घटनेवर ठेवणे अधिक सयुक्तिक होईल. नवा लेखक दुसऱ्या दारी गेला, तेव्हा मंडळीपाशी केवळ पूर्वपुण्याई उरली.

५

ललितकलादर्शचा इतिहास याला पूरक आहे. तिचे संस्थापक केशवराव भोसले हे कोल्हापूरचे. ९ ऑगस्ट १८९० चा त्यांचा जन्म. बालपणी ते स्वदेशहितचिंतक मंडळीत होते आणि ‘शारदे’तील शारदेच्या भूमिकेने त्यांचे नाव झाले. म्हणजे किर्लोस्कर मंडळीसाठी लिहिलेली भूमिका दुसऱ्याच मंडळीत एका नव्या नटाला घडवीत होती. नाटकांचा हा सामाईक साठा मराठी रंगभूमीचे फार मोठे भांडवल होते. वयाच्या अठराव्या वर्षात, १९०८ मध्ये, केशवरावांनी हुबळीस ललितकलादर्शची स्थापना केली.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धनी एका रंगमंचावर आले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव विषमज्वराने मृत्यू पावले. वय एकतीस.

केशवरावांनंतर व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांनी मंडळीची सूत्रे हाती घेतली. त्यांनी काय केले हे पाहिले असता किर्लोस्कर मंडळीच्या १८८५ नंतरच्या वर्तनाशी त्याचे साम्य ठळकपणे जाणवते. केशवरावांच्या लोकप्रिय भूमिका करून काही वर्षे निर्धास्त काढता आली असती. बापूरावांनी त्याऐवजी भार्गवराम विठ्ठल वरेरकरांची नवी, वादग्रस्त, समकालीन नाटके हाती घेतली. ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ मध्ये आणि ‘तुरुंगाच्या दारात’ १९२३ मध्ये रंगभूमीवर आले. गिरणी कामगारांच्या प्रश्नाला स्पर्श करणारा ‘सोन्याचा कळस’ १९३२ मध्ये. पु. श्री. काळे यांच्या नेपथ्याने रंगमंचावर खऱ्या घराचा भास निर्माण केला. संगीताच्या बाजूने रामकृष्णबुवा वझे यांचे मार्गदर्शन केशवरावांच्या काळापासून होते, ते पुढेही चालू राहिले. नायक नवा, लेखनाची दिशा पुढची, परंतु गुरू तोच. सातत्य आणि बदल यांची अशी जोडणी क्वचितच साधते.

१५ मार्च १९३७ रोजी बापूरावांचे निधन झाले तेव्हा मात्र परिस्थिती पालटली होती. बोलपटाने प्रेक्षक आणि नाटकगृहे दोन्ही हिरावून घेतली होती. मंडळी बंद पडली. बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र त्या वेळी पंधरा वर्षांचे होते. त्यांनी वझेबुवांकडे गायनाची तालीम घेतली आणि १९४२ च्या सुमारास ललितकलादर्श पुन्हा उभी केली. प्रथम जुनी नाटके झाली. त्यानंतर बाळ कोल्हटकरांचे ‘दुरितांचे तिमिर जावो’ (१९५७) आणि विद्याधर गोखले यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) ही नाटके आली. त्यांनी संगीत नाटकाला एक नवा बहर आणला. भालचंद्र पेंढारकरांनी अनेक संगीत नाटकांचे ध्वनिमुद्रण करून ठेविले, हेही त्यांचे मोठे कार्य होय. ११ ऑगस्ट २०१५ रोजी वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले. त्यापूर्वी २००८ मध्ये मंडळीची शताब्दी पूर्ण झाली होती.

या इतिहासात एक पाच वर्षांचा खंड आहे, हे विसरता कामा नये. १९३७ ते १९४२ या काळात ललितकलादर्श नावाची मंडळी प्रत्यक्षात नव्हती. नट पांगले होते, सामान विखुरले होते. मग १९४२ ची ललितकलादर्श ती हीच, असे कशावरून म्हणावयाचे? पुत्राचा वारसा हे कायद्याचे उत्तर झाले. इतिहासाचे उत्तर वझेबुवांच्या तालमीत सापडते. केशवराव व बापूराव यांना ज्यांनी शिकविले त्यांच्याकडूनच भालचंद्र शिकले. मंडळी बंद असतानाही तिची गायकी एका वृद्ध गुरूच्या गळ्यात शाबूत होती. रक्ताच्या वारशाला या विद्येच्या वारशाची जोड मिळाली नसती, तर उरले असते ते केवळ नाव.

६

गंधर्व नाटक मंडळीचा दाखला याच्या अगदी उलट आहे. तीन भागीदारांची ही मंडळी. टेंबे १९१५ मध्ये बाहेर पडून शिवराज मंडळीकडे वळले. पुढे बोडसही गेले. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले, त्यांच्या जागी मास्तर कृष्णराव आले. ऐश्वर्य आणि कर्ज या दोन्ही बाबतीत या मंडळीला तोड नव्हती. परंतु भागीदार गेल्यानंतर मंडळी म्हणजे बालगंधर्व असे समीकरण पूर्ण झाले. १९३५ मधील ‘धर्मात्मा’ चित्रपटासाठी ते प्रभातकडे गेले, तेव्हा मंडळीचा पूर्वीचा संसार आटोपला. पुढे गोहरबाई कर्नाटकी यांच्या सहभागाने ती पुन्हा उभी राहिली खरी. परंतु बालगंधर्वांवाचून ती चालणे कल्पनेतही शक्य नव्हते. सर्वांत थोर नट ज्या मंडळीपाशी होता, तिलाच त्याच्यावाचून जगता आले नाही. हा विरोधाभास वरवरचा आहे. एकाच्या आवाजावर सारे घर उभे केले की दुसरा आवाज तयार करण्याची निकड उरत नाही.

येथे ध्वनिमुद्रणाचा विचार प्रस्तुत ठरतो. हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यास प्रारंभ झाला. भाऊराव कोल्हटकर त्यापूर्वी वर्षभर आधीच गेले होते. त्यांचा आवाज कोठेही नोंदलेला नाही. त्यांच्या मागून आलेल्या गायकाची तुलना लोकांच्या आठवणीशी होई, आणि आठवण ही उदार असते, तशीच ती हळूहळू विरतेही. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका मात्र घरोघर वाजत होत्या. त्यांच्या भूमिकेत उभा राहणाऱ्या प्रत्येकाला एका न मरणाऱ्या आवाजाशी झुंजावे लागले. पूर्वी भूमिका ही मंडळीची ठेव होती आणि नट तिचा तात्पुरता धारक होता. ध्वनिमुद्रिकेने हा संबंध उलटा केला व भूमिका नटाच्या नावे लागली.

या बदलाचे अत्यंत टोकाचे रूप पाहावयाचे असल्यास दृष्टी परदेशी न्यावी लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १९७० च्या आगेमागे ‘सदर्न रॉक’ नावाचा गायनप्रकार उदयास आला. त्यातील फ्लोरिडा राज्यातील ‘लिनर्ड स्किनर्ड’ हा वाद्यवृंद आपल्या विषयाशी जुळणारे उदाहरण आहे. २० ऑक्टोबर १९७७ रोजी विमान कोसळून त्यांचा प्रमुख गायक रॉनी व्हॅन झँट आणि वृंदातील स्टीव्ह व कॅसी गेन्स ही भावंडे मृत्यू पावली. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, उरलेले वादक पुन्हा एकत्र आले. गायकाच्या जागी त्याचा धाकटा भाऊ जॉनी उभा राहिला. जुने नाव केव्हा व कोणी वापरावे याविषयी दिवंगतांच्या कुटुंबीयांशी वाद होऊन न्यायालयासमोर तडजोड करावी लागली. मूळ वादकांपैकी अखेरचा गॅरी रॉसिंग्टन ५ मार्च २०२३ रोजी वारला. त्यानंतरही वृंदाने प्रवास थांबविला नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रिकांतील गाणी ऐकण्यासाठीच श्रोते येतात. तेथे भावाचा कंठ स्वीकारला गेला, तो मूळ कंठाची आठवण करून देतो म्हणून. किर्लोस्करांच्या प्रेक्षकांनी बालगंधर्वांना स्वीकारले, ते ते भाऊरावांसारखे गात नव्हते तरीही. दोन्हीकडे ‘मंडळी चालू राहिली’ असेच आपण म्हणतो. परंतु पहिल्या ठिकाणी स्मृतीची राखण झाली आणि दुसऱ्या ठिकाणी परंपरेची वाढ झाली.

७

वरील विवेचनातून तीन अनुमाने निघतात.

पहिले असे की, नाटकमंडळीला मृत्यूपेक्षा फूट अधिक घातक ठरली. किर्लोस्कर मंडळी १८८५, १९०१ व १९११ या तिन्ही मृत्यूंतून सावरली. १९१३ व १९१८ या दोन फुटींनी ती खचली. मृत्यू मागे उरलेल्यांस एकत्र आणतो, फूट त्यांना दोन बाजूंस उभे करते.

दुसरे असे की, जुन्या नाटकांच्या पुण्याईवर मंडळी तग धरते, परंतु जगते ती नव्या नाटकावर. देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी, वरेरकर, गोखले ही नावे नटांच्या नावांइतकीच मंडळ्यांच्या सातत्याच्या इतिहासात आली पाहिजेत. संस्थापकाचा खरा वारस त्याच्या भूमिका करणारा नसतो. त्याने केले नसते ते करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असते, तो त्याचे घर पुढे चालवितो.

तिसरे अनुमान अधिक महत्त्वाचे आहे. या साऱ्या सातत्याचा आधार ज्यांच्यावर होता ते लोक बहुधा पडद्यामागचे होते. देवलांची तालीम, वझेबुवांची शिकवण, विंगेत उभे राहून भूमिका पाठ करणारी मुले, संवाद पुरविणारे प्रॉम्प्टर, तबला-पेटीचे साथीदार, यांच्यात मंडळीची स्मृती साठलेली असे. धनी गेला असता हे लोक दुसऱ्या दिवशीही तेथेच असत. त्यांना जाण्यास दुसरी जागा नसे. ‘मंडळी चालू ठेवावी’ हा निर्णय पुष्कळदा दिवंगताच्या गौरवासाठी घेतला असे सांगण्यात येते. त्यामागे पंगतीस बसणाऱ्या या माणसांच्या उद्याच्या जेवणाचा प्रश्न होता, हे आपल्या इतिहासलेखनाने मान्य केले पाहिजे. त्यात कमीपणा काहीच नाही. कलेच्या परंपरा पुष्कळदा अशाच गरजेच्या आधाराने टिकल्या आहेत.

कोल्हापूरचे पॅलेस थिएटर शाहू छत्रपतींच्या आश्रयाने १९१५ मध्ये उभे राहिले आणि पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. वास्तू होती तशी पुन्हा उभारण्याचा निर्णय झाला. हा निर्णय उचितच होय. परंतु नाट्येतिहासाच्या अभ्यासकाने या प्रसंगी एवढे ध्यानात ठेवावे की, भिंती, नाव आणि तसबीर यांची पुनःस्थापना तुलनेने सुकर असते. ज्या गळ्यातून दुसऱ्या गळ्यात चाल उतरते, ज्या तालमीत एका पिढीचा हात दुसरीच्या खांद्यावर पडतो, तो दुवा एकदा निसटला की कोणतीही वास्तू तो परत आणू शकत नाही. अशा दुव्यांची नोंद मंडळ्यांच्या हिशेबवह्यांत, जाहिरातींत, पत्रव्यवहारांत आणि गावोगावच्या वृद्ध साथीदारांच्या आठवणींत विखुरलेली आहे. नटश्रेष्ठांची चरित्रे आपल्याकडे विपुल आहेत. आता मंडळ्यांची चरित्रे लिहिली जाणे अगत्याचे आहे.